सतरावं अवघड, अठरावं सोपं

ऑफिसला जाताना माझी बस रोज एका गोल्फ कोर्सच्या भिंतीला वळसा घालून जाते. इतक्या वर्षांत भिंतीपलीकडचं मला दिसलंय ते एवढंच: झाडांचे शेंडे आणि एक उंच जाळी. गोल्फ म्हणजे भिंतीआडचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असंच डोक्यात बसलं होतं.

मग जुलै 2022 मध्ये एका रविवारी रात्री एक डिप्लॉयमेंट लांबलं. जागं राहायचं म्हणून दुसऱ्या स्क्रीनवर ब्रिटिश ओपन लावलं. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज, तिथला ओल्ड कोर्स. कॅमेरन स्मिथ नावाचा ऑस्ट्रेलियन एका फटक्याने पुढे होता आणि सतराव्या होलवर अडकला होता. त्याच्या आणि झेंड्याच्या मधोमध वाळूचा खोल खड्डा. चेंडू उचलून खड्ड्यावरून मारायचा सोडून त्याने पटर काढला आणि खड्ड्याच्या कडेकडेने, उतारावरून चेंडू घरंगळत नेला. काम झालं. डिप्लॉयमेंट कधी संपलं ते कळलंच नाही.

त्या रात्रीपासून एक प्रश्न सोबत आहे. या कोर्सवर सगळ्यांत अवघड होल कुठलं, याचं उत्तर आकडे देतात. पण सगळ्यांत आवडतं कुठलं, आणि का?

आधी जागा समजून घेऊ. ओल्ड कोर्स कुणी एकाने आखलेला नाही. समुद्रालगतच्या वाळूच्या, गवताळ माळावर लोक शतकानुशतकं खेळत आले आणि वाटा पडत गेल्या. सुरुवातीला एका दिशेने अकरा होल्स खेळत जायचे आणि तीच उलट खेळत परत यायचं, म्हणजे एकूण 22. सन 1764 मध्ये त्यातल्या चार होल्सची दोन केली. नऊ जाताना, नऊ येताना. जगभर गोल्फ अठरा होल्सचा झाला त्याचं मूळ हे. जाण्यायेण्याची वाट एकच असल्यामुळे आजही सात हिरवळी जोडीने वापरल्या जातात. जोडीतल्या होल्सच्या क्रमांकांची बेरीज करून बघा: दुसरं आणि सोळावं, तिसरं आणि पंधरावं, सातवं आणि अकरावं. दरवेळी 18. आमच्या भाषेत सांगायचं तर हा लेगसी कोड आहे. स्पेसिफिकेशन कुणी लिहिलं नाही, पण चालतोय.

आता सतरावं, म्हणजे 'रोड होल'. पार चार: चांगल्या खेळाडूने चार फटक्यांत संपवावं अशी अपेक्षा. लांबी 495 यार्ड, साधारण साडेचारशे मीटर. पहिलाच फटका एका शेडच्या छपरावरून, न दिसणाऱ्या मैदानाकडे मारायचा. इथे शेड कशी आली? पूर्वी इथे रेल्वेचं आवार होतं. पुढे आवाराच्या जागी हॉटेल आलं, जुनी शेड गेली. पण खेळाडूंना तो अडथळा हवाच होता, म्हणून तशीच शेड पुन्हा उभारली. पुढे हिरवळ अरुंद, तिरपी. डावीकडे तिच्या पोटात घुसलेला बंकर, उजवीकडे आणि मागे रस्ता, त्यापलीकडे दगडी भिंत.

1978 मध्ये जपानचा नाकाजिमा तिसऱ्या दिवशी आघाडीच्या आसपास होता. त्याचा चेंडू हिरवळीवर पोचलेलाही होता. त्याने पट केला आणि चेंडू वळून बंकरमध्ये उतरला. बाहेर काढायला चार फटके लागले, होलवर एकूण नऊ. 1984 मध्ये टॉम वॉटसन सहाव्या ओपन विजेतेपदाच्या दारात होता. सतराव्यावर त्याचा चेंडू हिरवळ ओलांडून, रस्ता ओलांडून भिंतीजवळ जाऊन थांबला. त्याच सुमाराला पुढच्या होलवर सेव्ह बायेस्तेरोसने बर्डी मारली, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी. वॉटसनचं सहावं विजेतेपद राहिलं ते राहिलंच.

आज नवा कोर्स बांधताना कुणी असं होल आखलं, तर रिव्ह्यूमध्येच उडेल. छप्पर, रस्ता, भिंत: यातलं काहीच गोल्फसाठी केलेलं नाही. गाव वाढलं, रेल्वे आली, गेली, आणि खेळ त्यातून वाट काढत राहिला.

अकरावं होल वेगळं. पार तीन, लांबी कमी, समोर सगळं दिसतं. पण हिरवळीचा उतार आणि दोन खोल बंकर यांत माणूस फसतो. 1921 मध्ये एकोणीस वर्षांचा बॉबी जोन्स इथल्या बंकरमध्ये फसला आणि वैतागून त्याने स्पर्धाच अर्धवट सोडली. हाच जोन्स 1927 मध्ये इथेच ओपन जिंकला. 1958 मध्ये गावाने त्याला मानद नागरिकत्व दिलं. त्याच्याआधी हा मान मिळालेला अमेरिकन होता बेंजामिन फ्रँकलिन. दरम्यान जोन्सने अ‍ॅलिस्टर मॅकेन्झीच्या साथीने ऑगस्टा नॅशनल उभारलं, त्यातही ओल्ड कोर्सची शिकवण होती. ज्या जागेने हरवलं तीच पुढे त्याला गुरुस्थानी झाली.

आणि अठरावं? 357 यार्ड, रुंद, सपाट मैदान, दगडी पूल आणि समोर गाव. एकही बंकर नाही. आकड्यांत हे सोप्या होल्समध्ये मोडतं. पण 1970 मध्ये डग सँडर्सला ओपन जिंकायला इथे फक्त चार फटके हवे होते. शेवटचा पट तीन फुटांपेक्षाही कमी होता. तो चुकला. दुसऱ्या दिवशीच्या प्ले-ऑफमध्ये जॅक निक्लॉसने त्याला एका फटक्याने हरवलं. 2022 च्या त्या रात्रीही असंच: कॅमेरन यंगने अठरावं दोन फटक्यांत संपवून स्मिथला गाठलं, आणि स्मिथने तीन फटक्यांत संपवून ओपन जिंकली.

मला वाटतं, आमची मोजायची पद्धत इथे चुकते. अवघडपणा आपण सरासरीने मोजतो. सतराव्याची सरासरी वाईट, म्हणून ते अवघड. पण ओढ सरासरीत नसते, ती शक्यता किती पसरल्यात यात असते. सतराव्यावर चार मिळाले तर सुटलो म्हणायचं. अठराव्यावर दोनही होऊ शकतात आणि पाचही, आणि चुकलात तर दोष द्यायला बंकरसुद्धा नाही. सतराव्यावर हरलेल्याला लोक सहानुभूती देतात. सँडर्सला आयुष्यभर त्या एका पटबद्दल विचारत राहिले.

म्हणून माझं मत: आदर सतराव्याला, जीव अठराव्यावर.

पण अठराव्यावर जीव जडण्याचं आणखी एक कारण आहे, ते खेळातलं नाही. त्या होलला आडवा जाणारा एक रस्ता आहे. गावातली माणसं तिथून समुद्राकडे जातात, खेळाडू थांबतात. हा हक्क सहजी टिकलेला नाही. 1552 च्या सनदेत या माळावर खेळण्याचा लोकांचा हक्क मान्य झाला होता. तरी 1797 मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने माळ विकला. घेणाऱ्यांनी तिथे ससे पाळले, सशांनी माळ पोखरला, आणि गावकरी विरुद्ध ससेवाले अशी भांडणं कोर्टापर्यंत गेली. 1821 मध्ये एका गोल्फप्रेमी जमीनदाराने माळ विकत घेतला, तेव्हा खेळ वाचला. 1894 मध्ये कायदा होऊन माळ पुन्हा गावाचा झाला. आजही रविवारी एरवी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि लोक कुत्री, पोरंबाळं घेऊन तिथे फिरायला येतात. सँडर्सचा पट जिथे चुकला, त्याच्या शेजारून एखादी आजी तिच्या कुत्र्याला घेऊन जात असेल.

सोमवारी सकाळी माझी बस पुन्हा त्या भिंतीला वळसा घालते. जाळीपलीकडे कुठलं होल आहे, अवघड की सोपं, मला अजूनही माहीत नाही.