'त्रिंकोमाली'ची डागडुजी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल येथे एक शिडाचे लढाऊ जहाज आजही पाण्यावर तरंगते आहे. त्याचे नाव 'त्रिंकोमाली'. ते आपल्या मुंबईच्या गोदीत, जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. लाकडी जहाज दोनशे वर्षे टिकते ते कशाच्या बळावर, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

पहिले उत्तर सागाचे. नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला, म्हणून तेथील आरमाराने मुंबईकडे जहाजे मागितली. मलबारचा साग तेलकट. त्यातला लोखंडी खिळा सहसा गंजत नाही. ओकमधले तुरट आम्ल तोच खिळा खाऊन टाकते. खिळा गेला की फळी सुटते, आणि फळी सुटली की समुद्र आत येतो.

परंतु सागही अमर नव्हे. समुद्रातला किडा लाकूड पोखरतो. म्हणून त्या काळी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकीत. पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून वाईट, कारण लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यावरच पोसते. वरून झिरपलेला थेंब आत मुरतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला जहाज ठणठणीत दिसते!

म्हणून जुन्या जहाजाचे काम रंगापासून सुरू होत नाही. आधी जुना रंग खरवडायचा. मग हातोडी हलकेच मारीत जायचे. चांगले लाकूड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा, तेथे नवा तुकडा तिरक्या सांध्याने बसवायचा. फळ्यांच्या फटींत जुन्या दोरांचे तंतू ठासून वर तापलेले डांबर ओतायचे. हे सारे झाल्यावर रंग. हा क्रम मोडून जो आधी रंग देतो, तो कूज झाकतो. आणि झाकलेली कूज थांबत नाही.

'त्रिंकोमाली' १८१९ मध्ये इंग्लंडला पोहोचले, आणि १८४५ पर्यंत नुसते राखीव पडून होते. पुढे दोन सफरी झाल्या, मग नौकाशिक्षणाचे काम. १८९७ साली ते मोडीत निघाले असता जेफ्री व्हीटली कॉब यांनी विकत घेऊन वाचवले. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आणले गेले. त्या गावातला जहाजबांधणीचा धंदा १९६० नंतर लवकरच बसला होता. तरीही १९७९ ते १९८७ या काळात 'वॉरियर' हे जुने युद्धजहाज तेथे दुरुस्त झाले, आणि त्या कामावर हात बसलेले कारागीर गावात होते. १९९० मध्ये 'त्रिंकोमाली'चे काम सुरू झाले, २००१ मध्ये पुरे झाले. मुंबईचे मूळ लाकूड निम्म्याहून अधिक शाबूत राहिले.

वाडियांचे नाव इतिहासात आहे, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या हाताखाली करवत ओढणारे, आणि पावणेदोनशे वर्षांनी त्याच फळ्यांवर हातोडी वाजवून पाहणारे, हे दोघेही त्या जहाजाचे बांधणारेच, असे आम्ही मानतो. लाकूड जपून ठेवता येते. हातातले कसब मात्र काम मिळत राहिले तरच टिकते. 'वॉरियर'चे काम मिळाले नसते, तर 'त्रिंकोमाली'ला हात लावणारे कोठून आले असते? गोदी बंद करताना हा हिशेब कोणी मांडीत नाही. तो मांडला पाहिजे.