बैलाची किंमत कशी करायची?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आणि एवढ्या दिवसांनी विषय कुठला मिळाला, तर मांसासाठी पाळलेल्या गुरांची पैदास! आई हे वाचणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी खात नाही. पण आयोवात राहायचं आणि गुरांबद्दल काहीच जाणून घ्यायचं नाही, म्हणजे कोल्हापुरात राहून उसाकडे पाठ फिरवण्यासारखं आहे.

मध्यंतरी ऑफिसातल्या एका मित्राबरोबर वळूंच्या लिलावाला गेलो होतो. सगळे काळेभोर अँगस. मला सगळे सारखेच दिसत होते. गंमत म्हणजे जमलेले शेतकरी वळूंकडे कमी आणि हातातल्या कॅटलॉगकडे जास्त बघत होते. प्रत्येक वळूच्या नावाखाली आकड्यांची रांग: जन्माचं वजन, दूध तोडतानाचं वजन, मांसात मिसळलेल्या चरबीचं प्रमाण, असं बरंच काही. आणि शेवटी डॉलरचं चिन्ह लावलेले दोन-चार आकडे. मित्राचे वडील पेन्सिलीने त्यावरच खुणा करत बसले होते.

मला आजोबा आठवले. घरातल्या सगळ्यांना ही गोष्ट पाठ आहे, तरी बाकीच्यांसाठी सांगतो. आजोबांनी खरसुंडीच्या यात्रेतून एक खिलार खोंड आणला होता. पांढराशुभ्र, शिंगं एका मापाची, भोवरा शुभ जागी. रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला. आजीच्या पाटल्या त्यासाठी गहाण पडल्या. आजी दारात त्याला बघून एवढंच म्हणाली, "दिसाय झ्याक हाय, पर खातो किती आन् वढतो किती?" खोंड बशा निघाला. औताला जुंपला की तासातच बसायचा. पाटल्या काही परत आल्या नाहीत.

आजोबा अडाणी नव्हते. डोळ्याने पारख करण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. चूक डोळ्याची नव्हती, डोळा काय शोधत होता त्याची होती. आणि ही चूक अमेरिकेतही झाली आहे, फार मोठ्या प्रमाणावर.

१९४० च्या आसपास इथल्या प्रदर्शनांत परीक्षकांना एकच ध्यास लागला होता: आखूड पायांचं, ठेंगणं, भरीव जनावर. तशा वळूंना बक्षिसं मिळायची, मग त्यांच्याच वासरांना मागणी. काही वर्षांत हेरफर्ड आणि अँगसच्या नामांकित कळपांत बुटकी वासरं जन्मू लागली. मोठं पोट, घरघरणारा श्वास, फारशी जगतही नसत. दोष अप्रभावी जनुकाचा होता. आईबाप दोघांकडून आला तरच दिसायचा. एकाकडूनच आला असेल तर वळू निरोगी आणि परीक्षकांच्या कसोटीला नेमका उतरणारा! १९५० च्या दशकात अशा वळूंची घराणीच्या घराणी बाजारातून उठली. मग लंबक उलट्या बाजूला गेला. सिमेंटलसारख्या थोराड युरोपीय जाती आल्या आणि ७० - ८० च्या दशकांत उंचच उंच जनावरांना बक्षिसं मिळू लागली. वासरं जन्मतःच मोठी, त्यामुळे गाई विताना अडू लागल्या.

या सगळ्यावरचं उत्तर खरं तर १९४३ सालीच छापून झालेलं होतं. आणि ते आमच्याच एम्स गावात तयार झालेल्या माणसाचं होतं, हे मला इथे इतकी वर्षं राहूनही माहीत नव्हतं.

आयोवा स्टेटमध्ये जे लश नावाचे प्राध्यापक होते. पशुपैदाशीला गणिताचा पाया देणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत. त्यांचा विद्यार्थी एल. एन. हेझल. १९४२ साली गुरुशिष्यांनी निवडीच्या तीन पद्धतींची तुलना केली. आपल्या भाषेत सांगायचं तर अशी: पहिली पद्धत म्हणजे काही वर्षं फक्त गणिताचा अभ्यास, मग काही वर्षं फक्त इंग्रजीचा. इंग्रजी येईतो गणित विसरलेलं. दुसरी म्हणजे प्रत्येक विषयात ३५ हवेतच. गणितात ९८ मिळवणारा हिंदीत ३२ मिळाले म्हणून नापास. तिसरी म्हणजे सगळ्या विषयांची बेरीज, पण प्रत्येक विषयाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे वजन. तिसरी सगळ्यांत चांगली ठरली.

पण वजन किती द्यायचं? ते १९४३ च्या हेझलच्या लेखात आहे. तीन गोष्टी लागतात. एक, तो गुण थोडा सुधारला तर पदरात किती पैसे पडतात. दोन, तो गुण पुढच्या पिढीत किती उतरतो. मांसातली चरबी बरीच उतरते, गाभण राहण्याची क्षमता फारच थोडी. तीन, एक गुण ओढला की दुसरा कोणता मागे येतो. झपाट्याने वाढणारी वासरं निवडली की जन्माचं वजनही वाढतं, आणि गाय अडते. हे सगळं एकत्र करून प्रत्येक जनावराला एकच आकडा. हेझलने हे डुकरांच्या नोंदींवर करून दाखवलं. त्याआधी १९३६ साली फेअरफील्ड स्मिथ यांनी अशीच कल्पना गव्हासाठी मांडली होती, ती फिशर यांच्या गणितावरून.

इथे एक मराठी माणूस भेटला याचा फार आनंद झाला. इंदूरला कापसावर काम करणाऱ्या वि. गो. पानसे यांनी १९४६ साली हेच गणित कोंबड्यांच्या निवडीला लावून पाहिलं होतं. पानसे आणि सुखात्मे यांचं १९५४ सालचं संख्याशास्त्राचं पुस्तक शेतकी कॉलेजात शिकलेल्या आमच्या मामाच्या कपाटात होतं. मी लहानपणी त्याचा उपयोग फक्त पिंपळपान ठेवायला केला. असो.

मांसाच्या गुरांपर्यंत हे सूत्र पोचायला मात्र पन्नासेक वर्षं लागली. एक तर एवढ्या जनावरांचा हिशोब करायला हेंडरसन यांची गणिती पद्धत आणि संगणक यावे लागले. दुसरं कारण जास्त खोल आहे. गाय पाळणारा एक, वासरू विकत घेऊन पोसणारा दुसरा, कापणारा तिसरा. नफा कुणाचा मोजायचा?

अँगसवाल्यांचा 'डॉलर-बीफ' नावाचा निर्देशांक २००० नंतर आला तेव्हा हीच गोची झाली. त्यात असं गृहीत धरलेलं की सगळी वासरं मांसासाठीच जाणार. वाढ किती, मांस कसं, याचा त्यात हिशोब. गाय वर्षभर काय खाते, वेळेवर गाभण राहते का, याचा नाही. आकडा चुकीचा नव्हता. पण लोक तोच बघून वळू घ्यायचे आणि त्याच्या कालवडी घरी ठेवायचे. त्या थोराड गाई मग मालकालाच खायला महाग. २०२० साली त्यांनी गाईचाही हिशोब धरणारा एकत्रित निर्देशांक काढला, तेव्हा कुठे हे प्रश्न एका आकड्यात आले.

वाचता वाचता मला हसूच आलं. म्हणजे आजीचाच प्रश्न! खातो किती आन् वढतो किती. हेझलने सूत्र दिलं, पण त्यात काय घालायचं ते सूत्र सांगत नाही. ते ज्याला वैरण घालावी लागते त्याला विचारावं लागतं. आजीला त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं.

लिलावात मित्राच्या वडिलांनी सगळ्यांत मोठ्या 'डॉलर-बीफ'चा वळू सोडून दिला. "मी कालवडी विकत नाही," एवढंच म्हणाले. ज्याच्यावर खूण केली होती त्याचे आकडे गाईच्या बाजूने चांगले होते. तरी बोली लावण्याआधी ते उठले, कुंपणापाशी गेले आणि तो वळू चालतो कसा, पाय कसे टाकतो, हे बराच वेळ बघत उभे राहिले.

आजोबाही असेच उभे राहत, असं आई सांगते.