सावकार नसलेले देणे

कंपनीच्या वार्षिक हिशेबात घसारा नावाची एक रक्कम असते. नफातोट्याच्या पत्रकात ती खर्चाच्या बाजूस मांडलेली दिसते. परंतु हा खर्च कोणाच्या हाती पडला असे विचारले, तर कोणाच्याच नाही, असे उत्तर येते. पगार नोकरांना जातो, कोळशाचे पैसे व्यापाऱ्याला जातात, व्याज सावकाराला जाते. घसाऱ्याची वसुली करण्यासाठी मात्र कोणी दारात येऊन बसत नाही, आणि म्हणूनच अडचणीच्या वर्षी पहिली कात्री लागते ती ह्या रकमेला. ह्या देण्याचा इतिहास पाहावयाचा तर आपल्या रेल्वेइतके मोठे आणि बोलके उदाहरण नाही. नोकरीच्या निमित्ताने परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांचे गावाकडचे येणेजाणे पिढ्यान्‌पिढ्या जिच्या आधाराने चालले, तिच्या रुळांची झीज कोणी आणि कशी भरून काढली, हा प्रश्न केवळ हिशेबनिसांचा नव्हे.

मूळ कल्पना अगदी साधी आहे. समजा, एक लाख रुपयांचे इंजिन घेतले, ते तीस वर्षे चालेल, आणि शेवटी मोडीत त्याचे दहा हजार येतील. म्हणजे तीस वर्षांत नव्वद हजारांची झीज होणार. ती सगळी पहिल्या वर्षाच्या खर्चात घातली तर ते वर्ष विनाकारण तोट्याचे दिसेल. एकतिसाव्या वर्षापर्यंत थांबले तर मधली सर्व वर्षे खोट्या नफ्याची ठरतील. म्हणून दरसाल तीन हजार रुपये खर्ची टाकावयाचे आणि ताळेबंदात इंजिनाची किंमत तेवढीच उतरवीत न्यावयाची. हा विचार काही अलीकडचा नाही. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हिअस ह्याने आपल्या ग्रंथात सामाईक भिंतींची किंमत ठरविण्याची रीत सांगितली आहे: भिंत गेल्या दर वर्षामागे बांधकाम-खर्चाचा ऐंशीवा हिस्सा वजा करावा, कारण असली भिंत ऐंशी वर्षांपलीकडे टिकत नाही. विटांची भिंत ओळंब्यात उभी असेल, तर तिच्यातून मात्र काहीच वजा करावयाचे नाही! आगगाडी आल्यावर हा प्रश्न पुन्हा नव्या जोमाने पुढे आला. डायोनिशिअस लार्डनर ह्याने १८५० मध्ये रेल्वेच्या अर्थकारणावर लिहिलेल्या ग्रंथात त्याचा विस्ताराने ऊहापोह केला. नवा रूळ पहिली काही वर्षे झिजलेला दिसत नाही, आणि तेवढ्या अवधीत वाटलेला लाभांश परत मागता येत नाही, ही त्यातली मेख होती.

आपल्याकडे ह्या प्रश्नाला आणखी एक पदर होता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला, तेव्हा भागधारकांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली. मिळकत कमी पडली तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरावयाची, असा त्याचा अर्थ. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली आणि १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. त्या कामाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु खर्च जितका अधिक तितके हमीचे व्याजही अधिक, अशी योजना असल्यावर काटकसर कोणी करावी? माजी अर्थसचिव मॅसी ह्यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे स्पष्टच सांगितले, की आपला पैसा हुगळीत बुडाला काय किंवा त्याचे विटाचुन्याचे बांधकाम झाले काय, भांडवलदाराला दोन्ही सारखेच होते. बोरघाटातील, कागदोपत्री म्हाऊ-की-मल्ली म्हणून नोंदलेला पूल १८६७ मध्ये, म्हणजे घाट खुला झाल्यावर चारच वर्षांत, कोसळला. हा घसारा नव्हे, हे उघड आहे. पण ज्या मालमत्तेच्या टिकाऊपणाशी मालकाचे सुखदुःख बांधलेले नाही तिचे काय होते, ते त्यावरून कळते.

पुढे १९०० मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली. सगळी किंमत एकदम न देता भागधारकांना वार्षिकी द्यावी असे ठरले, आणि तिची मुदत १९४८ पर्यंत होती. मूळ करारापासून नव्याण्णव वर्षे त्याच साली पुरी होत होती. ह्या वार्षिकीचा प्रत्येक हप्ता म्हणजे थोडे व्याज आणि थोडे मुद्दल. आरंभी व्याजाचा वाटा मोठा असतो, पुढे तो घटत जातो आणि मुद्दलाचा वाढतो. शेवटचा हप्ता दिला की देणे शून्य होते. अमॉर्टायझेशन म्हणतात ते हेच: देणे क्रमाक्रमाने मारून टाकणे. घसाऱ्याचे आणि ह्याचे गणित जवळपास जुळ्या भावंडांसारखे आहे. एकीकडे वस्तू झिजते, दुसरीकडे कर्ज झिजते. फरक एवढाच, की वार्षिकीचा धनी लंडनला होता. त्याला ठरल्या दिवशी पैसे मिळाले नाहीत तर सरकारची पत गेली असती. रुळाला आणि पुलाला अशी तक्रार करता येत नव्हती.

तिची तजवीजही नव्हती. १९२४ पूर्वी रेल्वेचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातच असे, आणि जुने रूळ बदलण्यासाठी दरसाल जी मंजुरी मिळे ती ३१ मार्चला संपे. त्या तारखेचा महिमा वाचकांपैकी पुष्कळांना नव्याने सांगावयास नको. विलायतेत मागविलेला माल एप्रिलमध्ये बंदरात आला तर मागील वर्षाची मंजुरी बुडालेली आणि नवी मिळेलच ह्याची शाश्वती नाही! त्यातच पहिले महायुद्ध आले. विलायतेहून माल येणे थांबले. उलट इथलीच इंजिने, डबे आणि रूळ मेसोपोटेमियात व पूर्व आफ्रिकेत गेले. गाड्यांवरील भार वाढला, उत्पन्न वाढले, दुरुस्ती राहिली. कागदावर ही भरभराटीची वर्षे दिसतात. वस्तुतः रेल्वे स्वतःचे अंग खाऊन नफा दाखवीत होती.

१९२०-२१ मध्ये सर विल्यम ॲकवर्थ ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ही गोष्ट उघडी केली. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास तिचे सदस्य होते. रेल्वे सरकारने चालवावी की कंपन्यांनी, ह्यावर समितीत दोन तट पडले. परंतु आजच्या गाड्यांचे ओझे न पेलणारे पूल, कधीच बदलावयास हवे होते असे मैलच्या मैल रूळ, मुदत उलटलेली शेकडो इंजिने आणि हजारो वाघिणी ह्यांच्याविषयी दुमत नव्हते, आणि रेल्वेचा पैसा सरकारी अंदाजपत्रकातून वेगळा काढावा ह्याविषयीही नव्हते. त्यातूनच २० सप्टेंबर १९२४ रोजी लेजिस्लेटिव्ह असेंब्लीने विभक्तीकरणाचा सुप्रसिद्ध ठराव केला आणि त्या वर्षापासून घसारा निधी सुरू झाला. प्रत्येक प्रकारच्या मालमत्तेचे आयुष्य ठरवावयाचे आणि तिचा वार्षिक हिस्सा, त्या साली खर्च होवो वा न होवो, निधीत जमा करावयाचा. ३१ मार्चची टांगती तलवार दूर झाली. माझ्या मते त्या काळातील आर्थिक सुधारणांत ह्या एका निधीचे मोल फार मोठे आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याला मिळालेली जागा फार लहान.

निधी म्हणजे पेटीत बांधून ठेवलेल्या थैल्या, असे मात्र कोणी समजू नये. ती शिल्लक भारत सरकारकडेच जमा असे आणि सरकारच्या इतर व्यवहारांत वापरली जाई. ती कागदावर मोठी दिसे, आणि मोठी शिल्लक दिसली की हात तिकडे वळतो. १९२९ नंतर जगभर मंदी आली, मालवाहतूक घटली. आधी रेल्वेची राखीव शिल्लक संपली, १९३१-३२ पासून सरकारी तिजोरीला द्यावयाचा हिस्सा थांबला, आणि तरीही कर्जाचे व्याज भागेना. तेव्हा ते घसारा निधीतून उसने घेऊन भागविण्यात आले. काही वर्षांत ही उसनवारी सुमारे तीस कोटींवर गेली. त्याच काळात, १९३५-३६ पासून, आयुष्याचा तपशीलवार हिशेब सोडून एकूण भांडवलाचा साठावा हिस्सा निधीत टाकण्याची सोपी रीत आली. व्हिट्रुव्हिअसचा ऐंशीवा हिस्सा दोन हजार वर्षांनी साठावर आला, असे म्हणावयास हरकत नाही!

उसनवारी करणाऱ्यांना केवळ दोष देऊन चालणार नाही. व्याज थकविले असते तर सरकारची पत बुडाली असती, आणि मग नव्या रुळांसाठी कर्ज तरी कोणी दिले असते? पण सत्य एवढेच, की दोन देणेकऱ्यांपैकी ज्याला तोंड होते त्याला पैसे मिळाले. दुसऱ्या महायुद्धात उत्पन्न पुन्हा फुगले आणि निधीची उसनवारी फेडून झाली. मात्र त्याच युद्धात इंजिने आणि डबे पुन्हा एकदा झिजेपर्यंत राबले.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक पेच स्पष्ट झाला. घसारा काढतात तो मूळ किंमतीवर. परंतु १९२० च्या सुमाराचे इंजिन १९५० मध्ये बदलताना त्याच किंमतीत नवे थोडेच मिळते? म्हणून भांडवलाच्या हिश्शाचे सूत्र सोडून ठरावीक रक्कम देण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला, आणि १९५४ च्या ठरावाने ती वार्षिक ३५ कोटी झाली. पुढील ठरावांनी ती वाढत गेली.

खाजगी कंपन्यांची वाट ह्याच सुमारास वेगळी झाली. इंग्लंडमध्ये १८८९ मध्ये न्यूशाटेल ॲस्फाल्ट कंपनीचा खटला गाजला होता. ह्या कंपनीची मुख्य मालमत्ता म्हणजे स्वित्झर्लंडमधील डांबरी दगड ठरावीक मुदतीपर्यंत खणून काढण्याचा हक्क. असा हक्क रुळासारखा झिजत नाही, पण मुदत संपत आली की त्याची किंमतही संपते; म्हणून ती मुदतीच्या वर्षांवर वाटून खर्ची टाकावी लागते, आणि ह्यालाही अमॉर्टायझेशनच म्हणतात. कंपनीने तसे न करताच लाभांश वाटला, आणि न्यायालयाने त्याला हरकत घेतली नाही. भारतात १९५६ च्या कंपनी कायद्यात १९६० मध्ये दुरुस्ती झाली आणि घसारा वजा केल्याखेरीज लाभांश वाटणे बंद झाले. २०१३ च्या कायद्यातही तो निर्बंध कायम आहे. रेल्वे मात्र कंपनी नाही. ती सरकारचे खाते आहे. तिच्या निधीत किती टाकावयाचे, हे अंदाजपत्रक ठरविते.

त्याचे परिणाम दिसत राहिले. थकलेले नूतनीकरण पुरे करण्यासाठी २००१ मध्ये १७,००० कोटींचा विशेष सुरक्षा निधी उभारावा लागला. डॉ. अनिल काकोडकर ह्यांच्या समितीने २०१२ मध्ये सुरक्षेसाठी पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी लागतील असे सांगितले. २०१७ मध्ये रेल्वेचे स्वतंत्र अंदाजपत्रक बंद झाले आणि १९२४ चे विभक्तीकरण संपले. त्याच वर्षी राष्ट्रीय रेल संरक्षा कोश सुरू झाला. घसारा निधीत २०१४-१५ मध्ये ७,७७५ कोटी रुपये टाकले होते. २०१८-१९ मध्ये ३०० कोटी. नूतनीकरणाचा काही भार नव्या कोशाने उचलला हे खरे. परंतु नियंत्रक व महालेखापरीक्षक ही तरतूद अपुरी असल्याचे वारंवार नोंदवीत आले. गाड्या रुळांवरून घसरण्याविषयीचा त्यांचा अहवाल २०२२ मध्ये संसदेपुढे आला. रुळांच्या नूतनीकरणासाठी मिळणारा पैसा घटत असल्याचे आणि संरक्षा कोशातील काही रक्कम प्राधान्याच्या नसलेल्या कामांवर खर्च झाल्याचे त्यात नमूद आहे.