साडेसत्तावीस मिलिमीटरची पोकळी

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा मामाच्या फोटो स्टुडिओत ते छातीच्या वर होतं. पूर ओसरल्यावर आम्ही शटर उघडलं. तीस-पस्तीस वर्षांच्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून त्यांचे चिखलट गठ्ठे झाले होते. किती लग्नं, किती बारशी, शाळांचे किती ग्रुप फोटो त्यात होते, याचा हिशेब मामाने केला नाही. त्याने फक्त खराटा मागितला.

वाचलं ते माळ्यावर होतं तेवढंच. त्यात एका चामडी पिशवीत एक लेन्स सापडली. तिचा जोडीदार, रशियन बनावटीचा झेनिट कॅमेरा, खालच्या कपाटात होता, तो गेला. लेन्सच्या आत बुरशीचे पांढरे धागे पसरले होते. मामा म्हणाला, "ने तुला हवी तर. नुसती काच आहे."

ती 'नुसती काच' नव्हती, हे कळायला मला पुढची दोन-तीन वर्षं लागली.

लेन्सवर लिहिलं होतं: हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ/२. बाजूला एका प्रिझममधून आरपार जाणाऱ्या किरणाचं चिन्ह. ती मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याची खूण. क्रमांकाचे पहिले दोन आकडे ७८, म्हणजे १९७८ची बनावट. मामाने ती १९८२मध्ये मुंबईतून, कॅमेऱ्यासकट सेकंडहँड घेतली होती. एका जुन्या मेकॅनिकने ती उघडून, पुसून दिली. कडेला एक पुसट डाग राहिला, पण काच पुन्हा दिसू लागली.

आता ती लावायची कशाला? माझ्याकडे तेव्हा निकॉन माउंटचा डीएसएलआर होता. बाजारातून काहीशे रुपयांची अ‍ॅडॉप्टर रिंग आणली. लेन्स बसली, जवळचा चहाचा कप लख्ख दिसला, पण खिडकीबाहेरचं झाड काही केल्या स्पष्ट होईना. दोन-तीन मीटरच्या पलीकडचं सगळं जग धूसर. लेन्स बिघडली असं मला वाटलं. बिघडलेलं काहीच नव्हतं. माझं गणित चुकलं होतं.

प्रत्येक कॅमेऱ्यात, लेन्स जिथे टेकते ती कडा आणि फिल्म (किंवा सेन्सर) यांमध्ये एक ठरलेलं अंतर असतं. मामाची लेन्स एम४२ आट्यांची आहे: ४२ मिमी व्यास, १ मिमीचे आटे, बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. तिला सेन्सर हवा ४५.४६ मिमीवर. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी. म्हणजे रिंग घालण्याआधीच लेन्स एक मिलिमीटर जास्त पुढे उभी. तेवढ्याने दूरचं जग हातातून निसटतं.

हे अंतर इतकं मोठं का? आरशामुळे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असतो. तो प्रकाश वर, डोळ्याकडे पाठवतो आणि फोटो काढताना झटकन वर उचलला जातो. त्याला हलायला जागा लागते. मामाच्या लेन्सचं '५८' हे आकडेशास्त्रसुद्धा त्याच आरशातून आलंय. त्या काळच्या रचनेत ५० मिमीची तेवढीच तेजस्वी लेन्स केली, तर तिची मागची काच आरशाला आपटायची. म्हणून ती थोडी लांबवली गेली.

२००८मध्ये पॅनासोनिकने जी१ नावाचा कॅमेरा आणला. त्यात आरसाच नव्हता. सेन्सरला दिसतं ते थेट छोट्या पडद्यावर. २०१०मध्ये सोनीने आपले एनईएक्स कॅमेरे आणले आणि हे अंतर १८ मिमीवर आलं. कंपन्यांना कॅमेरा लहान करायचा होता. पण त्या बचतीचा एक मोठा उपयोग फोटो काढणाऱ्यांनी लगेच हेरला. ४५.४६मधून १८ वजा करा, उरतात २७.४६. तेवढ्या जाडीची एक पोकळ नळी मध्ये बसवली की जुनी लेन्स बरोबर तिच्या हक्काच्या अंतरावर उभी राहते. नळीत काच नाही, तार नाही, चिप नाही. साडेसत्तावीस मिलिमीटर हवा, बस्स.

नवं तंत्र आलं की जुनं भंगारात जातं, हा आपला रोजचा अनुभव. मामाचा धंदाही त्यातच बसला: आधी डिजिटल आलं, मग प्रत्येकाच्या खिशात फोन. इथे मात्र नव्याने एक अडसर काढला आणि पन्नास-साठ वर्षांची जुनी भिंगं पुन्हा कामाला लागली. मी एक वापरलेला, ओंजळीत मावणारा मिररलेस घेतला. मेन्यूत 'लेन्स नसतानाही फोटो काढू दे' ही सेटिंग शोधली. कारण कॅमेऱ्याच्या लेखी पुढे काही लावलेलंच नव्हतं.

मग मी त्या काचेचा माग काढायला लागलो. तो थेट जर्मनीत, येना शहरातल्या कार्ल झाइस कंपनीत पोचला. तिथे १८९६मध्ये पॉल रुडोल्फ यांनी 'प्लानार' ही सहा भिंगांची सममित रचना केली. रचना उत्तम, पण वेळेच्या आधी जन्मलेली. हवा आणि काच जिथे भेटतात तिथे दर पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. अशी आठ पृष्ठं झाली की पाव ते एक तृतीयांश प्रकाश वाया, आणि त्यातला काही आतल्या आत फिरून चित्र फिकट करणार. १९२७मध्ये झाइसच्याच विली मेर्टे यांनी त्या धाटणीची 'बायोटार' तयार केली. १९३५मध्ये तिथलेच अलेक्झांडर स्माकुला, मूळचे आजच्या युक्रेनमधले, यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून परावर्तन कमी करण्याची रीत शोधली. लेन्सवर निळसर-जांभळी झाक दिसते ना, तिची सुरुवात ही. त्या दशकाच्या उत्तरार्धात ५८ मिमी एफ/२ बायोटार आली. मामाच्या लेन्सची आई तीच.

पुढची गोष्ट युद्धाची आहे आणि ती स्वच्छ नाही. युद्धकाळात झाइसचे कारखाने जर्मन लष्करासाठी चालत होते आणि तिथे परदेशांतून आणलेले वेठबिगार राबत होते. एप्रिल १९४५मध्ये अमेरिकन फौजा येनात पोचल्या. पण विभागणीच्या करारानुसार तो भाग सोव्हिएतांना द्यायचा होता. निघताना त्यांनी झाइसचे निवडक तज्ज्ञ आणि कागदपत्रं सोबत नेली. त्यांतूनच पुढे पश्चिमेला ओबरकोखेन इथे दुसरी झाइस उभी राहिली. उरलेली बहुतेक यंत्रसामग्री सोव्हिएतांनी भरपाई म्हणून उपसून नेली. मग २२ ऑक्टोबर १९४६ला, एकाच मोहिमेत, सोव्हिएत ताब्यातल्या जर्मनीतून दोन हजारांहून अधिक तज्ज्ञांना बायकामुलांसह रेल्वेत बसवून सोव्हिएत संघात नेण्यात आलं. त्यांत येनाच्या झाइसचेही लोक होते.

मेर्टे आणि स्माकुला अमेरिकेत गेले. मेर्टे १९४८मध्ये तिथेच वारले. त्यांची रचना मात्र उलट दिशेला, पूर्वेला गेली. क्रास्नोगोर्स्कमध्ये तिच्यावरून हेलिओस-४४ बनली आणि १९५८च्या 'स्टार्ट' कॅमेऱ्यावर बसली. १९६५पासून आलेल्या झेनिट-ईसोबत ती लाखोंच्या संख्येने जगभर गेली. गंमत म्हणजे तिचे एम४२ आटे जुन्या जर्मनीचेच: ते १९४९च्या सुमाराला ड्रेस्डेनमध्ये कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यावर आले. तेच पुढे जपानच्या पेंटॅक्सनेही वापरले. माणसांना वाटून घेणाऱ्या सीमा आट्यांना मात्र लागू झाल्या नाहीत.

ही लेन्स आज लोकप्रिय आहे ती पार्श्वभूमीच्या भोवऱ्यासाठी. पूर्ण उघडी ठेवली की मागच्या पानांतले प्रकाशाचे ठिपके मध्यभागी गोल, कडेला बदामासारखे दिसतात आणि सगळं गरगरल्यासारखं वाटतं. खरं तर हा दोष आहे: कडेचा प्रकाश लेन्सच्याच नळीत थोडा कापला जातो. छोट्या सेन्सरवर ही कड बरीचशी बाहेर राहते, त्यामुळे भोवरा सौम्य होतो. फोनमधलं 'पोर्ट्रेट मोड' गणित करून मागचं धूसर करतं. इथे ते काचेत घडतं, आणि चुकलं तर नाकाऐवजी कान स्पष्ट येतो. माझे पहिले शंभरेक फोटो तसेच आले.

गेल्या दिवाळीत कॅमेरा मामाच्या हातात दिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्याला वर्ष झालं होतं. स्पष्ट असलेल्या कडा लाल रंगात दाखवणारी सोय मी कौतुकाने चालू केली. "हे रंग बंद कर," तो म्हणाला, "मला दिसतं." बोटांनी रिंग आपोआप सापडली. एफ/२वरून पुढे, थोडी मागे, थांब. मामी तुळशीपाशी उभी होती. डाव्या डोळ्याची पापणीसुद्धा स्पष्ट आली.

मग त्यानेच एक गोष्ट सुचवली. निगेटिव्ह गेल्या, पण प्रिंट लोकांच्या घरात आहेत. वरच्या मजल्यांवर, लोखंडी ट्रंकांत. आता महिन्यातून एक रविवार मी सांगलीत असतो. लोक अल्बम घेऊन येतात. मामा फोटो खिडकीजवळ सपाट ठेवतो, मी ट्रायपॉड लावतो, छिद्र एफ/८वर आणतो. ही लेन्स अर्ध्या मीटरपर्यंतच जवळ जाते आणि तेवढ्या अंतरावरून माझ्या सेन्सरवर चार बाय सहा इंचांचा फोटो जवळपास कडेकडेपर्यंत बसतो. त्यातले बरेच फोटो याच काचेतून काढलेले आहेत. आता ते तिच्यातूनच परत येताहेत.

कॅमेऱ्याने नोंदवलेल्या माहितीत लेन्सचं नाव कोरं असतं, छिद्राच्या जागी शून्य. त्या कोऱ्या जागेत मी हाताने दोन ओळी टाइप करतो: हेलिओस ४४-२, रचना मूळची विली मेर्टे यांची. खाली, फोटो कोणी काढला होता त्याचं नाव. मामाने आयुष्यात स्वतःच्या एकाही फोटोवर सही केली नव्हती. आतापर्यंत तीनशे बारा फोटो झाले आहेत.