वरचा आकडा आणि ताठरलेल्या धमन्या

‘वयात शंभर मिळवा, तेवढा वरचा रक्तदाब चालतो’, हा हिशेब एकेकाळी डॉक्टरही सांगत असत. वडीलधाऱ्यांच्या तोंडी तो आजही ऐकू येतो. सत्तरीच्या गृहस्थांचा रक्तदाब १७०/८० भरला, तर खालचा आकडा ठीक आहे आणि वरचा वयोमानाने वाढला आहे, असे म्हणून विषय तिथेच मिटवला जातो. गेल्या तीन-चार दशकांतील संशोधनाने हे समाधान खोटे ठरवले आहे. वरचा आकडा चढत जाणे आणि खालचा स्थिर राहणे किंवा उतरणे ही शरीरातील मोठ्या धमन्या ताठर झाल्याची खूण आहे. हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका या ताठरपणाशी थेट जोडलेला आहे.

धमनी म्हणजे केवळ रक्त वाहून नेणारी नळी नव्हे. हृदय प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलते. निरोगी महाधमनी त्या क्षणी फुगते आणि त्यातील जवळजवळ निम्मे रक्त स्वतःत सामावून घेते. हृदय विसावा घेत असताना ती पुन्हा आकसते आणि साठवलेले रक्त पुढे लोटते. त्यामुळे हृदयाचा प्रवाह तुटक असला तरी अवयवांना रक्त अखंड मिळत राहते. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १७३३ मध्ये या कार्याची तुलना आग विझवण्याच्या पंपातील हवेच्या कोठीशी केली होती. बंबाच्या दांड्याचे हिसके ती कोठी गिळून टाकते आणि नळीतून सलग धार निघते. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ओटो फ्रँक यांनी १८९९ मध्ये याच कल्पनेला गणिताचे रूप दिले.

ही कोठी कडक झाली की दुहेरी नुकसान होते. फुगायला वाव न उरल्याने प्रत्येक ठोक्याचा दाब उंच चढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. साठवण घटल्याने विश्रांतीच्या काळातील दाब मात्र घसरतो. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मुख्यतः याच विश्रांतीच्या काळात मिळते. म्हणजे हृदयाचे काम वाढते आणि नेमका त्याचाच पुरवठा आखडतो. मेंदू आणि मूत्रपिंड या अवयवांत रक्त मुक्तपणे शिरते. पूर्वी महाधमनीत जिरणारे हादरे आता त्यांच्या नाजूक सूक्ष्मवाहिन्यांपर्यंत पोहोचतात.

ताठरपणा आणि धमनीत चरबीचे थर साचणे या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. चरबीने वाहिनी आतून अरुंद होते. ताठरपणात भिंतीचाच पोत बदलतो. दोन्ही बरेचदा जोडीने आढळतात, पण कोलेस्टेरॉलचा अहवाल उत्तम असलेल्या माणसाच्या धमन्याही ताठर असू शकतात.

भिंतीची लवचिकता इलॅस्टिन या प्रथिनाच्या तंतूंवर अवलंबून असते. हे तंतू मुख्यतः गर्भावस्थेत आणि बालपणात तयार होतात. पुढे त्यांची भरपाई जवळपास होत नाही. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देते. सत्तर वर्षांत हा आकडा अडीचशे कोटींच्या घरात जातो. इतक्या ताणांनंतर तंतू तुटू लागतात आणि भार कोलॅजेन या कडक प्रथिनावर येतो. मधुमेहात रक्तातील साखर कोलॅजेनच्या तंतूंना एकमेकांशी जखडून टाकते, तर मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात भिंतीत कॅल्शियम साचते. त्यामुळे अशा रुग्णांच्या धमन्या वयापेक्षा आधीच म्हाताऱ्या होतात.

नाडीवरून प्रकृती ओळखण्याची परंपरा आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेइतकी जुनी आहे. नाडीचा आलेख कागदावर उमटवण्याचे यंत्र मात्र फ्रान्सच्या एत्येन ज्यूल मारे यांनी १८६० मध्ये सिद्ध केले. ते सुधारून रुग्णांच्या उशाशी नेणाऱ्या तरुणाची कथा फारशी सांगितली जात नाही. फ्रेडरिक अकबर महोमेद हा १८४९ मध्ये ब्रायटन येथे जन्मलेला डॉक्टर. त्याचे आजोबा शेख दीन महोमेद मूळचे पाटण्याचे. लंडनमध्ये भारतीय खाद्यगृह काढणारे आणि ब्रायटनमध्ये चंपीची स्नानगृहे चालवणारे म्हणून त्यांचे नाव आहे. नातवाने लंडनच्या गाय्‌ज रुग्णालयात विद्यार्थी असतानाच हजारो नाड्यांच्या रेषा तपासण्याचा मार्ग खुला केला. मूत्रपिंडाचा विकार नसतानाही रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे त्याने दाखवून दिले. हा विचार काळाच्या फार पुढचा होता. १८८४ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, विषमज्वराने त्याचे निधन झाले.

ताठरपणा मोजण्याची आजची पद्धत साध्या भौतिकशास्त्रावर उभी आहे. प्रत्येक ठोक्याबरोबर धमनीच्या भिंतीतून एक तरंग धावतो. तो रक्तापेक्षा पुष्कळ वेगाने जातो, आणि भिंत जितकी कडक तितका त्याचा वेग अधिक. हे नाते मोएन्स आणि कोर्टवेग या डच संशोधकांनी १८७८ मध्ये सूत्रबद्ध केले. क्राइटन ब्रॅमवेल आणि ए. व्ही. हिल यांनी १९२२ मध्ये हा वेग माणसात मोजून तो वयानुसार वाढतो असे दाखवले. आता मानेतील आणि जांघेतील नाडीवर संवेदक ठेवतात. तरंगाला लागलेला वेळ आणि मधले अंतर यांवरून वेग काढतात. तरुणांत तो सेकंदाला पाच-सहा मीटरच्या आसपास असतो. दहा मीटरहून अधिक वेग धोक्याचा मानावा, असे तज्ज्ञांच्या गटाने २०१२ मध्ये ठरवले. त्याआधी ही मर्यादा बारा होती.

या वेगाचे आणि मृत्यूचे नाते प्रथम ठळक झाले ते पॅरिसमध्ये. उच्च रक्तदाबाच्या १,९८० रुग्णांचा सरासरी नऊ वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करणारा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या महाधमनीतील वेग जास्त होता, त्यांच्यात हृदयविकाराने आणि एकूणच होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. २०१० मध्ये अशा १७ अभ्यासांतील १५,८७७ व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली. तरंगाचा वेग सेकंदाला एक मीटरने जास्त असेल, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला. वय आणि रक्तदाब यांसारखे नेहमीचे घटक हिशेबात धरूनही हे नाते टिकले, ही महत्त्वाची गोष्ट.

आधी काय, ताठरपणा की रक्तदाब? अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या प्रकल्पाने २०१२ मध्ये या प्रश्नाला अनपेक्षित उत्तर दिले. ज्यांच्या धमन्या आधीच ताठर होत्या, त्यांना पुढील काही वर्षांत उच्च रक्तदाब होण्याची शक्यता जास्त दिसली. आधीच्या रक्तदाबावरून पुढचा ताठरपणा मात्र सांगता आला नाही. एका अभ्यासाने वाद मिटत नाही, पण ‘दाब वाढला म्हणून धमन्या कडक झाल्या’ हे सरळसोट चित्र अपुरे आहे, एवढे निश्चित.

ताठरपणाची मुळे किती मागे जातात, याचा एक धागा आपल्या देशातच सापडतो. हैदराबादजवळच्या २९ खेड्यांपैकी काही खेड्यांत १९८७ ते १९९० या काळात गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना पूरक आहार मिळाला, काहींत नाही. ही मुले १३ ते १८ वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली आणि निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आहार मिळालेल्या खेड्यांतील मुलांच्या धमन्यांचा ताठरपणा किंचित कमी होता. फरक छोटा आहे. पण इलॅस्टिन कधी तयार होते हे लक्षात घेतले की त्याचे मोल कळते.

औषधांनी ताठरपणा उलटवण्याचे प्रयत्न आतापर्यंत फारसे फळलेले नाहीत. कोलॅजेनच्या गाठी सोडवणाऱ्या एका औषधाने २००१ च्या सुमारास मोठी आशा दाखवली, पण ते कधी बाजारात आले नाही. त्या मानाने चालण्याचा व्यायाम अधिक भरवशाचा ठरला. बैठ्या जीवनशैलीच्या मध्यमवयीन पुरुषांनी तीन महिने नियमित, मुख्यतः चालण्याचा व्यायाम केल्यावर मानेतील धमनीची लवचिकता सुमारे पाव हिश्शाने वाढल्याचे २००० मध्ये अमेरिकेत दिसून आले. अभ्यास लहान होता. मिठाबाबतही असाच आदर आणि अशीच सावधगिरी हवी. १९८० च्या दशकात जास्त मीठ खाणाऱ्या बीजिंगमधील लोकांच्या धमन्या ग्वांगजौच्या ग्रामीण भागातील लोकांपेक्षा अधिक ताठर आढळल्या, पण त्या दोन समाजांत मिठाखेरीज इतरही अंतर होतेच.

सध्या शहरांतील आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये दंडाला व घोट्याला पट्टे गुंडाळून ‘धमन्यांचे वय’ सांगणारी यंत्रे दिसतात. या आकड्याने भेदरून जाण्याचे कारण नाही. मानेपासून जांघेपर्यंतच्या मोजणीइतका पुरावा सर्वच यंत्रांमागे नाही. शिवाय मोजलेल्या वेगानुसार औषधे ठरवल्याने रुग्णाचे भले होते का, हे पाहण्यासाठी फ्रान्समध्ये ५३६ रुग्णांवर चाचणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत नेहमीच्या उपचारांपेक्षा ठोस फायदा सिद्ध झाला नाही.

उलट, घरातल्या रक्तदाबमापकावर दिसणाऱ्या दोन आकड्यांकडे मात्र लक्ष द्यायला हवे. वयस्कर व्यक्तीत त्यांमधील अंतर ६० किंवा अधिक असणे हे ताठर धमन्यांचे लक्षण मानले जाते. अशा रुग्णांवर उपचार करावेत की नाही, याचा निकाल १९९१ मध्येच लागला आहे. अमेरिकेतील ६० वर्षांवरील ४,७३६ जणांच्या चाचणीत फक्त वरचाच रक्तदाब वाढलेला होता. स्वस्त, जुन्या औषधांनी तो उतरवल्यावर पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. असे उपचार सावकाश करावे लागतात, कारण वरच्याबरोबर आधीच कमी असलेला खालचा आकडाही उतरतो. ज्येष्ठांचा रक्तदाब बसून मोजल्यावर उभे राहूनही मोजावा, असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी. उठताना येणाऱ्या भोवळीने पडून हाड मोडण्याचा धोका या वयात लहान नसतो.