निरोप पोहोचला, हे कळणार कसे?

शाळेतली सूचना-वही आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मुख्याध्यापकांची सूचना घेऊन शिपाई वर्गावर्गांतून फिरतो, शिक्षक ती वाचून दाखवतात, खाली सही करतात आणि वही पुढच्या वर्गाकडे जाते. वही कार्यालयात परत आली की सह्यांवर नजर टाकून सूचना कुठे पोहोचली आणि कुठे राहिली, हे समजते. या साध्या व्यवस्थेत सूचनेइतकेच महत्त्व सहीला आहे. सही नसेल तर सूचना पाठवली एवढेच म्हणता येते, ती पोहोचली असे म्हणता येत नाही.

शाळेत एखादी सही राहून गेली तर फार तर एका वर्गाला सुट्टीची बातमी उशिरा कळेल. युद्धात मात्र निरोप न पोहोचणे किंवा चुकीचा पोहोचणे याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते. म्हणूनच खात्रीचे संदेशवहन कसे उभारावे, या प्रश्नाचा कसून विचार लष्करी गरजेपोटी पुन:पुन्हा झाला. या इतिहासातले तीन टप्पे आपण पाहू या. तिन्ही ठिकाणी साधने अगदी वेगळी आहेत, पण प्रश्न एकच आहे: यंत्रणेतला एखादा भाग बिघडणार हे ठाऊक असताना सबंध यंत्रणा भरवशाची कशी करायची?

हात हलवणारे मनोरे

१७९२ पासून फ्रान्सचे क्रांतिकारी सरकार शेजारच्या राजसत्तांशी लढत होते. लढाई सीमेवर आणि निर्णय पॅरिसमध्ये, अशी स्थिती होती. बातमी आणायला घोडेस्वारांखेरीज साधन नव्हते. अशा वेळी क्लोद शाप या संशोधकाने उंच जागी मनोरे बांधून, दुर्बिणीच्या मदतीने, एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्यावर खुणा पोहोचवण्याची योजना मांडली. जुलै १७९३ मध्ये सरकारी समितीसमोर तिची चाचणी झाली आणि १७९४ मध्ये पॅरिस ते लील हा सुमारे २०० कि.मी.चा मार्ग सुरू झाला. त्यावर पंधराएक मनोरे होते. त्याच वर्षी ऑगस्टअखेर कोंदे हे ठाणे परत जिंकल्याची बातमी त्याच दिवशी पॅरिसच्या प्रतिनिधिसभेत वाचून दाखवली गेली.

मनोऱ्यावर एक लांब आडवी तुळई असे आणि तिच्या दोन टोकांना एकेक लहान हात. प्रत्येक हात सात वेगवेगळ्या कोनांत ठेवता येई आणि तुळई आडवी किंवा उभी. म्हणजे ७ × ७ × २ = ९८ खुणा झाल्या. त्यांतल्या सहा खुणा यंत्रणेच्या स्वत:च्या कामासाठी राखून उरलेल्या ९२ निरोपासाठी वापरल्या जात. सांकेतिक कोशाला ९२ पाने होती आणि प्रत्येक पानावर ९२ नोंदी. पहिली खूण पानाचा क्रमांक सांगे, दुसरी त्या पानावरच्या नोंदीचा. अशा रीतीने केवळ दोन खुणांत ८४६४ शब्द वा वाक्यांशांपैकी कोणताही एक कळवता येई. कोश फक्त मुख्य ठाण्यांवरच्या अधिकाऱ्यांजवळ असे. मधल्या मनोऱ्यांवरचे कामगार खुणा जशाच्या तशा पुढे पाठवत, त्यांचा अर्थ त्यांना ठाऊक नसे.

खरी हुशारी पुढेच आहे. कामगार खूण जुळवत असताना तुळई तिरपी ठेवी. याचा अर्थ, ‘खूण अजून पुरी झालेली नाही.’ हात ठीक बसले की तो तुळई आडवी किंवा उभी करी. याचा अर्थ, ‘आता घ्या.’ पुढच्या मनोऱ्याने तीच खूण केली की मागचा कामगार दुर्बिणीतून ती तपासून पाही आणि मगच पुढच्या खुणेकडे वळे. म्हणजे पुढच्याने केलेली नक्कल हीच मागच्याला मिळालेली पोच होती. चूक झालीच तर आधीची खूण रद्द समजावी, अशी एक राखीव खूण होती. धुके आले, काम थांबले, यांसाठीही खुणा ठरलेल्या होत्या. निरोपासाठी वापरता आल्या असत्या अशा सहा खुणा शाप यांच्या यंत्रणेने बिघाडाविषयी बोलण्यासाठी बाजूला काढल्या, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

साखळीचे गणित

एवढे करूनही एक अडचण उरतेच. मनोरे एका ओळीत होते. त्यांतला एक जरी धुक्यात गेला तरी सबंध मार्ग बंद पडे. रात्री तर काम होतच नसे.

हे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. समजा, प्रत्येक मनोरा दिवसाच्या कोणत्याही क्षणी चालू असण्याची संभाव्यता ०.९९ आहे, आणि एका मनोऱ्याच्या बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मग १५ मनोऱ्यांची ओळ पूर्ण चालू असण्याची संभाव्यता ०.९९ चा पंधरावा घात, म्हणजे सुमारे ०.८६ येते. पॅरिस ते तूलाँ या मार्गावर सुमारे १२० मनोरे होते. तिथे हेच उत्तर सुमारे ०.३० इतके खाली येते. शंभरातले नव्याण्णव गुण मिळवणारे मनोरे जोडून सबंध मार्ग मात्र तीस गुणांवर येतो! प्रत्येक भाग अधिकाधिक चांगला करत जाणे हा यावरचा एक उपाय झाला, पण ओळ लांबत गेली की तो अपुरा पडतो.

याच मनोऱ्यांच्या इतिहासात आणखी एक धडा दडलेला आहे. १८३४ ते १८३६ या काळात बोर्दो शहरातल्या ब्लाँ बंधूंनी तूर इथल्या कर्मचाऱ्याला लाच देऊन फितवले. मनोऱ्यांवरून केवळ सरकारी निरोप जात. पॅरिसच्या रोख्यांचे भाव चढले की उतरले, हे बोर्दोच्या व्यापाऱ्यांना टपालगाडीने काही दिवसांनी कळे. फितूर कर्मचारी सरकारी निरोपात मुद्दाम एक ठरलेली चुकीची खूण घाली आणि लगेच ‘चूक, रद्द’ ही खूण करी. बोर्दोचा अधिकारी नियमाप्रमाणे ती चूक वगळून निरोप लावी, त्यामुळे सरकारी निरोपात काहीच बिघाड दिसत नसे. पण बोर्दोजवळ दुर्बीण लावून बसलेला ब्लाँ बंधूंचा माणूस नेमकी ती वगळलेली खूण टिपून घेई. दोन वर्षे हे चालले. पुढे खटला झाला, परंतु अशा कृत्याला नेमका लागू पडेल असा कायदाच नसल्यामुळे मुख्य आरोपातून ते सुटले आणि १८३७ मध्ये सरकारला नवा कायदा करावा लागला. चुका दुरुस्त करण्यासाठी ठेवलेल्या वाटेनेच चोर आत आला होता. धुक्यासाठी केलेली तयारी फितुरीसाठी पुरेशी नसते, हे यातून दिसते.

खंदकांतल्या तारा

१८५० च्या दशकापर्यंत विजेच्या तारायंत्राने मनोऱ्यांची जागा घेतली. आता धुक्याची वा रात्रीची अडचण राहिली नाही. पण पहिल्या महायुद्धात, १९१४ नंतर, खंदकांच्या लढाईत तारेचा शत्रू वेगळाच निघाला: तोफगोळे. जमिनीवर टाकलेल्या टेलिफोनच्या तारा भडिमारात पुन:पुन्हा तुटत आणि तार जोडणाऱ्या जवानांना गोळीबारात बाहेर पडून तुटलेली टोके शोधावी लागत. ब्रिटिश सैन्याने तारा सुमारे सहा फूट खोल पुरण्यास सुरुवात केली.

दुसरा उपाय अधिक विचार करण्याजोगा आहे. एका तारेऐवजी दोन तारा टाकल्या तर? पण दोन्ही शेजारी-शेजारी असतील तर एकच गोळा दोन्ही तोडील. म्हणून त्या परस्परांपासून अंतर राखून टाकत आणि ठराविक अंतरावर आडव्या तारांनी एकमेकींना जोडत. वरून पाहिले तर शिडीसारखी आकृती दिसे. डाव्या तारेचा एक तुकडा तुटला तर वीजप्रवाह त्याच टप्प्यातल्या उजव्या तुकड्यातून जाई. संपर्क तुटायला एकाच टप्प्यातले दोन्ही तुकडे तुटावे लागत. पायी निरोप नेणारे धावपटूही अनेकदा दोघे पाठवत, ते याच विचाराने.

तारा शाबूत असल्या तरी गुप्तता राहीलच असे नव्हते. एका तारेने प्रवाह नेऊन तो जमिनीतून परत आणण्याच्या पद्धतीमुळे प्रवाहाचा काही अंश आसपास पाझरे आणि जर्मन सैनिक संवेदनशील यंत्रांनी संभाषण ऐकत. १९१५ मध्ये कॅप्टन फुलर या ब्रिटिश अधिकाऱ्याने अत्यंत क्षीण प्रवाहावर चालणारे ‘फुलरफोन’ हे यंत्र तयार केले. त्यावरचे संदेश असे चोरून ऐकणे फार कठीण होते. आपल्याकडे सैन्याच्या सिग्नल्स दलाची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ रोजी झाली होती. हिंदी सैन्याच्या सिग्नल कंपन्यांनीही याच फ्रान्सच्या आघाडीवर काम केले.

तारच नसेल तर काय होते, याचे उदाहरण ऑक्टोबर १९१८ चे आहे. आर्गोनच्या जंगलात मेजर चार्ल्स व्हिटलसी यांच्या हाताखालची सुमारे ५५० माणसांची अमेरिकन तुकडी शत्रूच्या वेढ्यात सापडली. ४ ऑक्टोबरला त्यांच्यावर आपल्याच बाजूच्या तोफांचे गोळे पडू लागले. ही तोफगोळाफेक थांबवा, असा निरोप कबुतराच्या पायाला बांधून पाठवण्यावाचून त्यांच्याजवळ मार्ग उरला नव्हता. कबूतर उडाले. पण ते पोहोचले की वाटेत मेले, हे खाली अडकलेल्यांना कसे कळणार? तोफा थांबल्या, तीच त्यांना मिळालेली पोच. ७ ऑक्टोबरला सुटका झाली तेव्हा १९४ जण आपल्या पायांनी चालत बाहेर आले.

ओळीकडून जाळ्याकडे

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबाँबमुळे हा प्रश्न अधिकच बिकट झाला. अमेरिकेचे लांब पल्ल्याचे टेलिफोन मोजक्या मोठ्या केंद्रांवर अवलंबून होते. ती केंद्रे उद्ध्वस्त झाली तर देशाचा संपर्कच तुटेल आणि समोरच्या बाजूला काय घडते आहे हे न कळल्यामुळे चुकून युद्ध भडकेल, ही भीती होती. रँड या संशोधनसंस्थेतले अभियंते पॉल बॅरन यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. १९६४ मध्ये त्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले.

बॅरन यांनी मुख्य केंद्रच नको, असे सुचवले. प्रत्येक ठाणे आसपासच्या अनेक ठाण्यांशी जोडावे, मासे पकडण्याच्या जाळ्यासारखे. संदेशाचे सारख्या लांबीचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालावा आणि प्रत्येक ठाण्याने त्या क्षणी जी वाट मोकळी असेल तिकडे तुकडा पुढे ढकलावा. एका ओळीतल्या मनोऱ्यांत दुव्यांची संख्या जवळजवळ मनोऱ्यांइतकीच असते. बॅरन यांनी संगणकावर ठाणी ‘नष्ट’ करून पाहिली. तेव्हा दुव्यांची संख्या ठाण्यांच्या तिप्पट ते चौपट केली तर पुष्कळ ठाणी गेल्यावरही उरलेल्या ठाण्यांपैकी बहुतेक सर्व एकमेकांशी बोलू शकतात, असे त्यांना आढळले.

याचेही सोपे गणित करता येते. समजा, प्रत्येक वाट फक्त ०.६ इतकीच भरवशाची आहे. अशा चार स्वतंत्र वाटा असतील तर चारही बंद असण्याची संभाव्यता ०.४ चा चौथा घात, म्हणजे ०.०२५६. निदान एक वाट चालू असण्याची संभाव्यता ०.९७ हून जास्त झाली! नव्याण्णव गुणांच्या मनोऱ्यांची ओळ तीसवर येते आणि साठ गुणांच्या चार वाटा सत्त्याण्णववर जातात. मात्र ‘स्वतंत्र’ हा शब्द विसरता कामा नये. एकाच खंदकातल्या दोन तारा म्हणजे दोन वाटा नव्हेत.

टेलिफोन कंपनीच्या जाणकारांना बॅरन यांची कल्पना पटली नाही. हवाई दलाने पाठिंबा दिला, पण ज्या सरकारी यंत्रणेकडे हे काम जाणार होते तिला या नव्या तंत्राचा अनुभव नव्हता, म्हणून बॅरन यांनी स्वत:च तूर्त थांबण्याचा सल्ला दिला. इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना १९६५ मध्ये स्वतंत्रपणे हीच कल्पना सुचली. संदेशाच्या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव त्यांनीच दिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी ‘आर्पानेट’ या जाळ्यावरून पहिला संदेश गेला. आर्पानेट अणुयुद्धात टिकावे म्हणून उभारले गेले, असे अनेकदा सांगतात. ते बरोबर नाही. पैसा संरक्षण खात्याचा होता, पण उद्देश संशोधकांनी एकमेकांचे संगणक वापरावेत असा होता. आर्पानेटचे प्रत्येक ठाणे पुढे पाठवलेल्या पॅकेटची नक्कल जवळ ठेवी आणि ठराविक वेळात पोच आली नाही तर ते पुन्हा पाठवी. मागे वळून दुर्बिणीतून पाहणारा शाप यांचा कामगार इथे नव्या रूपात भेटतो. आजचे इंटरनेटही याच विचारावर चालते.

हा धडा वर्गात शिकवताना महागडी साधने लागत नाहीत. पंधरा मुलांची एक रांग करावी आणि हातांच्या खुणांनी चार अंकी संख्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पाठवावी. पहिल्यांदा पोच न घेता, दुसऱ्यांदा प्रत्येकाने मागच्याला खूण दाखवून. मग गुपचूप एकाला डोळे मिटायला सांगावे. त्यानंतर त्याच मुलांना मैदानावर जाळ्यासारखे उभे करून तिघांना ‘बंद’ करावे. किती वेळा संख्या बरोबर पोहोचली, याची नोंद मुलांनीच ठेवावी. कोणत्या रचनेत वेळ जास्त लागला आणि तो देणे परवडले का, हा प्रश्न शेवटी त्यांना जरूर विचारावा.