समुद्रतळावरचा पंचनामा

जमिनीवर विमान कोसळले तर पंचनाम्याला जागा असते. जळालेले गवत, तुटलेली झाडे, विखुरलेले पत्रे जिथे पडले तिथेच राहतात. समुद्रात तसे होत नाही. पाण्यावर तेलाचा तवंग, काही आसने, काही जॅकेटे उरतात आणि तीही वारा-प्रवाहाबरोबर मूळ जागेपासून दूर सरकत जातात. विमान नेमके कुठे पडले आणि का पडले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तळाशी जातात. ती वर काढण्याची विद्या गेल्या सत्तर वर्षांत घडली, आणि तिचे काही महत्त्वाचे धडे मुंबईहून चालणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांनी फार मोठी किंमत मोजून दिले.

जानेवारी १९५४ मध्ये ब्रिटिश कंपनीचे ‘कॉमेट’ जेट विमान इटलीच्या एल्बा बेटाजवळ समुद्रात पडले. ब्रिटिश नौदलाने पाण्याखाली दूरचित्रवाणी कॅमेरे सोडून त्याचे तुकडे शोधले आणि वर काढलेले भाग जोडून धातूच्या शिणाचा दोष सिद्ध झाला. माणूस जिथे उतरू शकत नाही तिथला अवशेषही साक्ष देऊ शकतो, हे या शोधाने दाखवले. पुढच्याच वर्षी तशी वेळ भारतावर आली. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान बांडुंग परिषदेला निघालेल्या चिनी प्रतिनिधींना आणि पत्रकारांना घेऊन हाँगकाँगहून जकार्तेकडे जात होते. नातुना बेटांजवळ त्यात स्फोट झाला. पंखाला आग लागलेली असताना कॅप्टन डी. के. जटार यांनी विमान पाण्यावर उतरवण्याचा प्रयत्न केला. एकोणिसांपैकी तिघेच वाचले : देखभाल अभियंता अनंत कर्णिक, सहवैमानिक दीक्षित आणि मार्गदर्शक पाठक. या विमानात काहीही नोंदवणारे यंत्र नव्हते. जे कळायचे ते या तिघांच्या तोंडून आणि पाण्यातून काढलेल्या सांगाड्यावरूनच. तिथला समुद्र उथळ असल्याने सांगाडा हाती लागला, आणि उजव्या चाकाच्या खोबणीत टाइमबॉम्बचे अवशेष सापडले. कर्णिकांनी पुढे या प्रसंगावर पुस्तक लिहिले. जटार यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

पण दर वेळी साक्षीदार वाचत नाहीत. कॉमेटच्या चौकशीत गुंतलेले ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ डेव्हिड वॉरन यांना यातूनच सुचले की विमानानेच आपली साक्ष बरोबर बाळगावी. त्यांच्या नमुना यंत्रातून आजची ‘काळी पेटी’ जन्मली. नाव काळी, रंग मात्र भडक नारिंगी, कारण चिखलात आणि राखेत तोच लवकर दिसतो. विमानात त्या दोन असतात. एक कॉकपिटमधले आवाज टिपते, दुसरी वेग, उंची, दिशा अशा नोंदी. समुद्रासाठी त्यांच्या अंगावर आणखी एक छोटी वस्तू बसवलेली असते : मोठ्या टॉर्चच्या सेलएवढी धातूची नळी. पाणी लागले की ती आपोआप जागी होते आणि साधारण सेकंदाला एक या गतीने ३७.५ किलोहर्ट्झची टिकटिक सुरू करते. माणसाचा कान वीस किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, त्यामुळे ही हाक ऐकायला जलध्वनिग्राहक लागतो. पूर्वीच्या नळीची बॅटरी तीस दिवस चालायची आणि हाक दोन-तीन किलोमीटरच्या पलीकडे क्वचितच जायची.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले ‘सम्राट अशोक’ हे जंबोजेट उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि २१३ जण गेले. पाणी होते सुमारे दहा मीटर. इथे पाणबुडे दोरीने उतरू शकत होते. पेट्या मिळाल्या, आणि झालेली गोष्ट उलगडली. कॅप्टनसमोरचे विमानाचा कल दाखवणारे यंत्र बिघडले होते. बाहेर काळोखा समुद्र, क्षितिज दिसत नव्हते. विमान उजवीकडे कलले आहे असे यंत्र सांगत राहिले आणि ते सावरण्याच्या प्रयत्नात विमान डावीकडे पूर्ण कलंडले.

खोलीचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो सात वर्षांनी. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईकडे येणारे ‘सम्राट कनिष्क’ आयर्लंडच्या नैऋत्येला रडारवरून एकाएकी नाहीसे झाले. ३२९ जण मृत्युमुखी पडले. आयरिश नौदलाच्या ‘एशलिंग’ आणि इतर जहाजांनी १३१ मृतदेह बाहेर काढले. अवशेष मात्र सुमारे दोन हजार मीटर खोल गेले होते. तिथे पाणबुडा जाऊ शकत नाही. प्रकाश पोहोचत नाही आणि दाब हवेच्या दोनशे पटींवर असतो. नळीची टिकटिक ऐकून आधी जागा ठरवली गेली. मग फ्रान्सच्या ‘लेओं तेव्हनँ’ या केबल-जहाजावरून ‘स्कॅरब’ नावाचे यंत्र खाली सोडले. समुद्राखालच्या टेलिफोन तारा दुरुस्त करण्यासाठी बनवलेले, कॅमेरे आणि यांत्रिक हात असलेले हे यंत्र जहाजाला केबलने जोडलेले होते, आणि वर बसलेले चालक पडद्यावर पाहून ते हलवत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आवाजाची पेटी वर आली, दुसऱ्या दिवशी नोंदींची. नळीच्या बॅटरीचे जेमतेम दोन आठवडे उरले होते.

अशी पेटी वर आली की ती कोरडी करत नाहीत, पाण्यातच ठेवून नेतात. मीठ आणि हवा यांची गाठ पडली की गंज झपाट्याने लागतो आणि ध्वनिफीत खराब होते. कनिष्कच्या पेट्या मुंबईला आल्या आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या तज्ज्ञांनीही त्या आवाजाचा अभ्यास केला. पण दोन्ही नोंदी एकाच क्षणी तुटल्या होत्या. शेवटी अगदी अल्पकाळाचा एक आवाज आणि मग काहीच नाही. पेट्यांनी विमान क्षणात तुटल्याचे सांगितले, कशाने ते सांगितले नाही. म्हणून शोध थांबवता येईना. कॅनडाचे ‘जॉन कॅबट’ जहाज स्कॅरब घेऊन महिनोन्महिने तळाची चित्रे घेत राहिले आणि निवडक तुकडे वर काढत राहिले. पुढच्या मालकोठाराच्या तुकड्यांची भाभा केंद्रात धातुशास्त्रीय तपासणी झाली. चौकशी करणारे न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये निष्कर्ष दिला : पुढच्या मालकोठारात बॉम्बस्फोट. इतक्या खोलीवरून तोवर कोणी पेट्या काढल्या नव्हत्या.

दोनच वर्षांनी मॉरिशसजवळ पडलेल्या दक्षिण आफ्रिकी ‘हेल्डरबर्ग’ विमानाची आवाज-पेटी सुमारे ४,९०० मीटरवरून काढली गेली. टिकटिक केव्हाच थांबली होती, तिच्याविना. एअर फ्रान्सच्या रिओ-पॅरिस विमानाचा शोध मात्र २००९ ते २०११ अशी दोन वर्षे रेंगाळला. पेट्या ३,९०० मीटरवर पडून होत्या. त्यानंतर बॅटरीची मुदत तीसवरून नव्वद दिवसांवर नेण्याचा नियम झाला आणि विमानाच्या सांगाड्यावर कमी वारंवारितेची, दूरवर ऐकू जाणारी वेगळी नळीही लावायची ठरली.

नळी असणे आणि नसणे यातला फरक भारताच्या स्वतःच्या समुद्रातही प्रत्यक्ष दिसला. ८ जून २०१५ रोजी तटरक्षक दलाचे डॉर्नियर विमान तामिळनाडूजवळ नाहीसे झाले. ‘सिंधुध्वज’ पाणबुडीने त्याच्या नळीची हाक टिपली आणि एका खासगी जहाजाच्या यंत्राने जवळजवळ साडेनऊशे मीटरवरून पेटी काढली. सगळे साधारण महिन्याभरात. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान नाहीसे झाले. त्यात २९ जण होते. पाण्याखाली हाक देणारी नळी त्यात नव्हती. जहाजे आणि विमानांनी आठवडेच्या आठवडे बंगालचा उपसागर धुंडाळला, हाती काही आले नाही. अखेर राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित वाहनाने सोनार आणि छायाचित्रांनी तळ तपासला आणि जानेवारी २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले की चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल अवशेष दिसले आहेत. त्यांची आकृती एएन-३२ शी जुळते, आणि त्या भागात दुसरे कोणतेही विमान हरवल्याची नोंद नाही.